प्लायवुडपलीकडचं लायसन्स

भिंगरीने चौथ्यांदा एंटर दाबलं आणि चौथ्यांदा पडद्यावर तीच चौकट उगवली : लायसन्स सापडलं नाही. खाली एकच बटण, 'ठीक आहे'. काहीही ठीक नसताना माणसाला ठीक आहे म्हणायला लावायचं, ही कल्पना कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली असेल, असा विचार करत तिने ते बटण दाबलं.

"लागलं का?" कटिंग मशीनवर निळ्या विनाइलचा रोल चढवता चढवता बाबांनी विचारलं.

"लागतंय."

"मघापासून लागतंयच आहे ते," उंच स्टुलावरून पेंटर म्हणाले. "मी ब्रशाने अक्षरं काढत होतो तेव्हा ब्रश कधी मला म्हणाला नाही, आधी परवानगी आण."

पेंटरांना दुकानात पंचवीस वर्षं झाली होती. पूर्वी ते पाट्या रंगवायचे. मशीन आल्यापासून मशीनने कापलेल्या अक्षरांभोवतीचं नको असलेलं विनाइल ते चिमट्याने सोलून काढायचे. हात अजून तसाच स्थिर होता, पण आता त्या हाताला कामापेक्षा तोंडच जास्त होतं, असं बाबा म्हणत.

घड्याळात पावणेअकरा झाले होते. टेबलावर शेहेचाळीस कोरे बोर्ड एकावर एक रचलेले होते. हॉस्पिटलची नवी इमारत उद्या उघडणार होती, आणि क्ष-किरण कुठे, रक्ततपासणी कुठे, बाहेर जायचा रस्ता कुठे, हे सांगणारे बाण आणि अक्षरं या बोर्डांवर आज लागायची होती. पाच वाजता हॉस्पिटलची गाडी येणार. बोर्ड तयार असले तर वरच्या चार मजल्यांचं कामही यांचंच. नसले तर दुसऱ्या कुणाचं. हॉस्पिटलच्या बाईंनी हे फोनवर इतक्या गोड आवाजात सांगितलं होतं, की बाबांना दोनदा ऐकावं लागलं.

आणि कटिंगचा प्रोग्राम सकाळी नऊपासून उघडायलाच तयार नव्हता.

बाबांनी रोल सोडला. हात पुसत ते प्लायवुडच्या भिंतीकडे बघत राहिले.

"काढून घेतली शेवटी त्याने," ते हळूच म्हणाले.

"काय काढून घेतली?"

"परवानगी. दुसरं काय."

ही भिंत आठ महिन्यांपूर्वी उभी राहिली होती. त्याआधी दुकान एकच होतं, बाबांचं आणि त्यांच्या थोरल्या भावाचं, म्हणजे काकांचं. मग भांडण झालं. कशावरून, ते भिंगरीला तीन जणांनी तीन तऱ्हेने सांगितलं होतं आणि तिन्ही खरं वाटलं होतं. सुतार आला, मधोमध प्लायवुड ठोकलं गेलं, आणि वाटण्या सुरू झाल्या. शिड्या, खुर्च्या, कात्र्या वाटल्या. प्रिंटर काकांकडे गेला, कटिंग मशीन बाबांकडे आलं. वाटता आली नाही ती एकच गोष्ट. कटिंगच्या प्रोग्रामचं लायसन्स एकच होतं आणि ते राहत होतं मोठ्या कॉम्प्युटरवर, आणि मोठा कॉम्प्युटर काकांच्या वाट्याला गेला होता. प्लायवुडच्या खालच्या कोपऱ्यात एक भोक होतं. त्यातून एक करडी वायर पलीकडे जायची. रोज सकाळी इकडचा प्रोग्राम त्या वायरीतून विचारायचा, चालू का? तिकडून हो यायचं आणि मशीन कापायला लागायचं.

या वायरीचा विषय आठ महिन्यांत कुणीच काढला नव्हता. बाबांनी मागितलं नव्हतं, काकांनी ऐकवलं नव्हतं. झाडू मारतानासुद्धा बाबा त्या कोपऱ्याला वळसा घालायचे.

"थांबा, मी बघते," भिंगरी म्हणाली. "मला येतं."

'मला येतं' हे तिचं हल्लीचं लाडकं वाक्य होतं. वर्षापूर्वीपर्यंत वर्गात नाव पुकारलं तरी ती मान खाली घालायची. मग शाळेत कॉम्प्युटर क्लब निघाला, आणि तिथल्या बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, की हिला जमतं. तेव्हापासून घरातला टीव्ही, आईचा फोन, शेजाऱ्यांची कॉलबेल, काहीही बिघडलं की भिंगरी हजर. टोपणनाव लहानपणीचं होतं, पण शोभायला आत्ता लागलं होतं.

शाळेला सुट्टी असली तरी दप्तर तिच्याबरोबर होतंच, त्यातून तिने पेन ड्राइव्ह काढला. त्यात बाईंनी दिलेला एक एवढासा प्रोग्राम होता. नेटवर्कमधल्या दुसऱ्या कॉम्प्युटरचं कुठलं पोर्ट उघडं आहे ते तो तपासायचा. बाईंनी समजावताना ऑफिसच्या फोनचं उदाहरण दिलं होतं. कॉम्प्युटर म्हणजे एक ऑफिस, त्याचा पत्ता म्हणजे ऑफिसचा फोन नंबर, आणि पोर्ट म्हणजे आतलं एकेक एक्स्टेंशन. लायसन्सचं एक्स्टेंशन वेगळं, प्रिंटरचं वेगळं. या प्रोग्रामने फोन लावून बघायचा. उत्तरं तीनच.

"उघडं म्हटलं, तर पलीकडे कुणीतरी उचललं," ती बाबांना सांगत होती आणि बोटं कळफलकावर धावत होती. "नकार म्हटलं, तर–"

"नकार म्हटलं तर काय ते कळतं मला," बाबा म्हणाले.

तिने पत्ता टाकला, लायसन्सचा पोर्ट नंबर टाकला, एंटर दाबलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं.

"नकार!" भिंगरी ओरडली. तिला वाटलं आपण शोध लावला.

बाबांचा चेहरा बघून तिला कळलं, की हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

"इतकंच होतं तर तोंडावर सांगायचं!" बाबा भिंतीकडे तोंड करून बोलले, आणि ते बोलणं भिंगरीशी नव्हतं. "आठ महिने उपकार केल्यासारखं करायचं आणि ऐन कामाच्या दिवशी हात वर! वायरच कापून टाकतो, म्हणजे कटकट मिटली!"

प्लायवुड कसलं, नुसता पडदाच. पलीकडे कुणी शिंकलं तर इकडे पेंटर नाक पुसायचे. पण पलीकडून हूं नाही की चूं नाही. खुर्चीसुद्धा हलली नाही.

भिंगरी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिली. काहीतरी खुपत होतं. इतक्या लगेच कसं उत्तर आलं? तिने पत्त्यावरून बोट फिरवलं. शेवटचा आकडा अकरा. मोठ्या कॉम्प्युटरचा बारा. अकरा म्हणजे... तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"बाबा."

"काय?"

"मी आपलाच पत्ता टाकला होता."

"म्हणजे?"

"म्हणजे मी आपल्याच कॉम्प्युटरला विचारलं, तुझ्याकडे लायसन्स आहे का. तो नाही म्हणाला. नाहीच आहे ना आपल्याकडे."

पेंटरांनी चिमटा खाली ठेवला. "आपणच विचारलं आणि आपणच आपल्याला नाही म्हणालो. आणि शिव्या खाल्ल्या थोरल्यांनी. छान."

बाबा खुर्चीत बसले. त्यांनी कपाळ चोळलं. "बरोबर पत्ता टाक," एवढंच म्हणाले.

तिने अकराचे बारा केले, मोठ्याने वाचून दाखवले, एंटर दाबलं. या वेळी उत्तर आलं नाही. पडद्यावर एक रेघ नुसती डोळे मिचकावत राहिली. पाच सेकंद, दहा सेकंद. मग अक्षरं आली : उत्तर नाही.

"म्हणजे नाहीच ना?" बाबा म्हणाले.

"नाही. म्हणजे हो. म्हणजे..." भिंगरीचा गोंधळ उडाला. बाईंनी शिकवलं तेव्हा हे किती सरळ होतं! "नकार म्हणजे तिकडे कुणीतरी फोन उचलून सांगतं, की हे एक्स्टेंशन चालू नाही. म्हणजे ऑफिसात माणूस आहे. उत्तर नाही म्हणजे घंटी वाजतेय, वाजतेय, उचलतच नाही कुणी."

"का उचलत नाही?"

"एक तर ऑफिसच बंद असेल. म्हणजे कॉम्प्युटर बंद. नाही तर त्याला सांगून ठेवलं असेल, की या लोकांचा फोन आला तर गप्प बसायचं."

"यातलं कुठलं?"

"ते यावरून नाही कळत."

"मग याचा उपयोग काय?" बाबा म्हणाले, आणि हा प्रश्न भिंगरीलाही आत्ताच पडला होता.

तिने दुसरी एक्स्टेंशनं लावून बघितली. प्रिंटरचं, फायलींचं, बाईंच्या यादीतली वीसेक. कुठेच उत्तर नाही. मुद्दाम गप्प बसलेला माणूससुद्धा मधे एकदा खोकतो. पण दुकानाच्या दिवशी सव्वाअकराला काकांचं मशीन बंद असेल कसं? शटर वर गेलेलं तर सकाळी येताना तिने स्वतः पाहिलं होतं. काका आत आहेत, मशीन नाही. जेवढं तपासावं तेवढं कमीच कळत होतं.

पेंटर स्टुलावरून उतरले.

"कुठे?" बाबांनी विचारलं.

"चिकटपट्टी संपत आलीय. आणतो."

"तिकडे बघत उभे राहू नका, पेंटर."

"मी आपला रस्ता बघत जातो. रस्त्यात कुणाचं शटर आलं, तर तो रस्त्याचा दोष."

चिकटपट्टीचं दुकान डावीकडे होतं. पेंटर उजवीकडून परतले, आणि तेही हात हलवत.

"अंधार आहे," ते म्हणाले. "थोरले खिडकीपाशी खुर्ची ओढून बसलेत. ब्लेडने कसल्याशा कडा कापतायत. दिवा नाही, पंखा नाही. घामाने सदरा भिजलाय."

"वीज गेली असेल," बाबा म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांनी वर बघितलं. वर पंखा गरगरत होता.

भिंगरीने मीटरकडे बघितलं.

काल दुकानाला सुट्टी होती. बाबांनी पहिल्यांदाच तिच्या हातात दुकानाची किल्ली दिली होती, एकटीने जाऊन आवरून ये म्हणून. ती रुबाबात आली, शटर वर केलं, झाडलं, पुसलं. मीटरशेजारच्या बोर्डावर आठ खटके होते, त्यातला एक बारीक गुणगुणत होता. तिने तो खाली केला. गुणगुण थांबली. तिने सगळे दिवे लावून बघितले, सगळे लागले. पंखे लागले, मशीन लागलं. म्हणजे हा खटका बिनकामाचा, असं तिने ठरवलं आणि स्वतःवर भलती खूश होऊन ती घरी गेली.

सुताराने भिंत घातली, शिड्या वाटल्या, कात्र्या वाटल्या. पण वीज दोन्हीकडे त्या एकाच बोर्डावरून जात होती, आणि बोर्ड राहिला होता भिंतीच्या अलीकडे. हे कुणाच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

सांगितलं नाही तरी चाललं असतं. गुपचूप जाऊन खटका वर केला असता, तर कुणाला कळलं असतं? हे तिच्या मनात आलं, आणि तेवढ्यात बाबा भिंतीकडे बघून पुन्हा कपाळ चोळायला लागले.

"बाबा, काल मी एक खटका खाली केला होता."

बाबांना समजायला एक क्षण लागला. मग ते उठून बोर्डापाशी गेले. सात खटके वर, एक खाली. त्यांनी त्याच्यावर बोट ठेवलं आणि तसेच थांबले.

"सकाळी आल्यापासून अंधारात बसलाय तो?"

"पावणेनऊपासून," पेंटर म्हणाले. "शटर वर करताना बघितलं मी."

"मग विचारायला नको आला? हाक मारायला काय झालं होतं?"

हाक मारायला काय झालं होतं, हे त्या खोलीत तिघांनाही माहीत होतं.

बाबांनी खटका वर केला. पलीकडे वीज येताच आपोआप सुरू होणारा मोठा कॉम्प्युटर टुणकन वाजला, पंखा कुरकुरत फिरायला लागला, प्रिंटरने जागं होताना सोडतो तसा लांब सुस्कारा सोडला. माणसाचा आवाज मात्र नाही. इकडेही नाही.

भिंगरीने प्रोग्रामला दर पाच सेकंदांनी विचारत राहायला लावलं. उत्तर नाही. उत्तर नाही. उत्तर नाही. बाबा तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. दोन मिनिटं झाली असतील. मग ओळ बदलली.

नकार.

भिंगरीने पत्त्यावर बोट ठेवलं. बारा. पुन्हा ठेवलं. बाराच.

"या वेळी बरोबर विचारलंस ना?" बाबांनी मागून विचारलं.

"हो."

नकार. नकार. दर पाच सेकंदांनी एक ओळ खाली उतरत होती. बाबा ओळी वाचत होते, जणू एकाच निरोपाचं पत्र पुन्हा पुन्हा येत होतं.

"मग झालं तर," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. त्यांनी फोन हातात घेतला. "हॉस्पिटलच्या बाईंना सांगतो, आज होत नाही म्हणून. उशिरा कळवण्यापेक्षा बरं."

"पाच मिनिटं, बाबा. पाचच मिनिटं!"

"कशाला? आणखी काय विचारायचंय त्या मशीनला?"

"मशीनला नाही," भिंगरी म्हणाली आणि शटरखालून बाहेर पडली.

काकांच्या अर्ध्या दुकानात तिने आठ महिन्यांत पाऊल टाकलं नव्हतं. कुणी टाकू नको म्हटलं नव्हतं, पण टाक असंही म्हटलं नव्हतं. आत सगळं उलटं होतं, आरशात बघावं तसं. भिंत डावीकडे, खिडकी उजवीकडे. काका खिडकीपाशीच होते, ब्लेड हातात, आणि डोक्यावर पंखा फिरत असूनही त्यांनी खुर्ची हलवली नव्हती.

"काका."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "अगं! केवढी उंच झालीस."

"काका, वीज बाबांनी तोडली नव्हती. मी तोडली. म्हणजे तोडली नाही, खटका खाली केला, काल, चुकून. मला वाटलं तो बिनकामाचा आहे."

"असं होय." काकांनी ब्लेड मिटलं. "आणि मघाशी वायर कापायला कोण निघालं होतं?"

"ते बाबा. पण तेही माझ्यामुळेच."

"अरे वा. हल्ली सगळं तूच करतेस वाटतं?"

"तुम्ही विचारलं का नाही? इतका वेळ अंधारात..."

"इथे उजेड होता," काका म्हणाले. मग ब्लेड खिशात टाकत, "मला वाटलं, त्याने ठरवलं असेल. ठरवलं असेल तर विचारून काय करायचं?"

भिंगरी पायावर पाय घासत उभी राहिली. आता खरा प्रश्न. "तुमचं मशीन सुरू झालंय, पण लायसन्सला नकार येतोय. तुम्ही ते... बंद केलंत का?"

"बंद?" काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अजून सुरू कुठे केलंय मी!"

ते उठले. मोठ्या कॉम्प्युटरसमोर बसून त्यांनी दोन बोटांनी पासवर्ड टाकला, कुठल्याशा कोपऱ्यातून एक खिडकी उघडली. तिच्यात एक हिरवं बटण होतं. काकांनी ते दाबलं आणि मागे टेकले.

भिंगरी त्या बटणाकडे बघत होती.

"हे रोज दाबावं लागतं?"

"रात्री मशीन बंद केलं की हेही जातं. सकाळी आलं की दाबायचं."

"पण तुम्हाला कुठे लागतं हे? कटिंग मशीन तर आमच्याकडे आहे."

काकांनी कळफलकावरची धूळ फुंकली. नव्हती फारशी. "तुम्ही नऊला उघडता," ते म्हणाले. "मी पावणेनऊला आलो, की तोवर होऊन जातं."

भिंगरी मनात हिशेब करायला लागली. आठ महिने. सुट्ट्या सोडल्या तरी दोनशे सकाळी. काकांचं पहिलं गिऱ्हाईक अकराच्या आत येत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. आणि ती गेला पाऊण तास वीस एक्स्टेंशनं लावत बसली होती!

तेवढ्यात तिला ते दिसलं. हिरव्या बटणाच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं : मशीन सुरू होताच आपोआप सुरू करा. शेजारी एक छोटा रिकामा चौकोन.

"काका, इथे नुसती खूण केली ना," तिचा हात माउसकडे गेलासुद्धा, "की रोज दाबायला नको. आपोआपच–"

"माहीत आहे," काका म्हणाले. "राहू दे."

तिने हात मागे घेतला.

ती परतली तेव्हा कटिंग मशीन चालू झालं होतं. पडद्यावर खाली खाली उतरणाऱ्या नकारांच्या रांगेखाली 'उघडं' आलं होतं, आणि बाबांनी तिची वाट न बघता पहिला बाण कापायला घेतला होता. मग कुणाला बोलायला फुरसतच मिळाली नाही. मशीन कापत होतं, पेंटर सोलत होते, भिंगरी बोर्ड पुसून पुढे सरकवत होती, बाबा चिकटवत होते. चिकटवणं बाबांचंच. अक्षराखाली हवेचा एक बुडबुडा राहिला तरी त्यांना जेवण जात नसे, म्हणून मशीन आल्यापासून त्यांनी ते काम दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नव्हतं. क्ष-किरण उजवीकडे. रक्ततपासणी डावीकडे. प्रसूती वर.

सव्वाचार वाजता चार बोर्ड उरले.

"सुरू कसं झालं ते?" बाबांनी मान वर न करता विचारलं. इतका वेळ हा प्रश्न त्यांनी कुठे ठेवला होता कोण जाणे.

"बंद केलंच नव्हतं. ते रोज सकाळी हाताने सुरू करावं लागतं. वीज नव्हती म्हणून आज राहिलं."

"हाताने? कोण करतं?"

"काका. पावणेनऊला येऊन."

बाबांचा हात बाणावर सपाट पडला होता, तो तसाच राहिला. पेंटर चिमट्याच्या टोकाकडे फार लक्ष देऊन बघायला लागले.

"रोज?"

"रोज."

बाबांनी बाण पूर्ण घासून बसवला, मग तो आधीच बसला असूनही पुन्हा एकदा घासला. बोर्ड बाजूला ठेवला. "त्या प्रोग्रामात आपोआप सुरू व्हायची काही सोय नसते का?" त्यांनी विचारलं. "असेल ना? तुला कळतं त्यातलं."

भिंगरीला कळत होतं. 'मला येतं' तिच्या जिभेच्या टोकावर येऊन उभं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिने ते गिळलं.

"मला नका विचारू," ती म्हणाली. "त्यांनाच विचारा."

बाबांनी उरलेले तीन बोर्ड मोजले. मग त्यांनी बोटांना चिकटलेले निळे कपटे एकेक करून काढले, फडक्याला हात पुसले आणि फडकं घडी करून पेंटरांच्या स्टुलावर ठेवलं.

"पेंटर, एवढे तीन तुम्ही चिकटवाल?"

पेंटरांनी आधी फडक्याकडे बघितलं, मग बाबांकडे.

"चिकटवतो की," ते म्हणाले. "या तुम्ही सावकाश."